बंदिस्त पाण्यातील समुद्रपुष्प : एक प्रस्तावना

समुद्रपुष्प हा दिसायला फुलासारखा असला तरी मांसाहारी प्राणी आहे. मत्स्यालय पाळणाऱ्यांमध्ये तो ‘ॲनिमोन’ या नावाने ओळखला जातो. प्रवाळ आणि जेलीफिश ज्या आंतरगुही संघात मोडतात, त्याच संघात त्याचे स्थान आहे आणि त्याच्या हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्याला हाडे नाहीत, कवच नाही, मेंदू नाही. शरीर म्हणजे एक स्नायुमय नळी. तिच्या खालच्या टोकाला चिकटून बसण्यासाठी चपटा तळ असतो आणि वरच्या टोकाला तोंड. या एकाच तोंडातून अन्न आत जाते आणि मळही बाहेर पडतो. तोंडाभोवती शुंडकांची वर्तुळे असतात आणि प्रत्येक शुंडकावर असंख्य दंशपेशी असतात. स्पर्श होताच दंशपेशीतून विषारी तंतू झटक्यात बाहेर पडतो आणि लहान मासा किंवा कोळंबी लुळी पडते. शरीराला ताठपणा देतो तो आत भरलेल्या पाण्याचा दाब. पाणी भरले की प्राणी फुलतो, सोडले की मुठीएवढा आकसतो. म्हणून भोवतालच्या पाण्यातला प्रत्येक बदल त्याच्या शरीरात थेट पोचतो. समुद्रपुष्प घरी पाळण्याच्या विद्येतील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

मत्स्यालयात ठेवली जाणारी उष्ण समुद्रांतील समुद्रपुष्पे केवळ शिकारीवर जगत नाहीत. त्यांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा देतो आणि आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ खत म्हणून पुरवतो. समुद्रपुष्पाचा तपकिरी, हिरवट किंवा सोनेरी रंग बऱ्याच अंशी या सोबत्यांचा असतो. पाणी फार तापले किंवा प्रकाश अचानक बदलला, तर ही भागीदारी तुटते. शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्राणी पांढरा पडतो. प्रवाळांच्या विरंजनाची बातमी वृत्तपत्रांतून अधूनमधून येते. तोच आजार समुद्रपुष्पालाही होतो. पांढरे समुद्रपुष्प दुकानात देखणे दिसते, पण ते उपाशी असते.

प्रवाळ एकदा बसला की जन्मभर तिथेच राहतो. समुद्रपुष्पाचे तसे नसते. तळाच्या स्नायूंच्या लाटांनी ते अगदी सावकाश सरकू शकते. जागा पटली नाही तर तळ सोडून प्रवाहाबरोबर वाहतही जाते. निसर्गात हे वरदान आहे, काचेच्या टाकीत मात्र संकट. सरकणारे समुद्रपुष्प पाणी ढवळणाऱ्या पंपात ओढले जाते, हीटरला चिकटून भाजते किंवा वाटेतल्या प्रवाळांना दंश करत जाते. पंपात चिरडलेल्या एका प्राण्याच्या अवशेषांनी सारी टाकी एका रात्रीत मरू शकते. त्यामुळे ‘समुद्रपुष्प स्थिरावले’ या शब्दांना या छंदात नेमका अर्थ आहे: त्याचा तळ घट्ट धरलेला आहे, शुंडके फुललेली व चिकट आहेत, तोंड मिटलेले आहे, रंग टिकून आहे आणि कित्येक आठवडे ते जागचे हललेले नाही.

समुद्राचे जीव घरात ठेवण्याचा छंद एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पसरला. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ साली मत्स्यालयावर ग्रंथ लिहिला आणि पुढे ब्रिटिश समुद्रपुष्पांचा स्वतंत्र ग्रंथही सिद्ध केला. त्याच्याही आधी, १८२८ साली, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन ग्रॅहम डॅलियेल यांनी एक लहानसे समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवले. त्याला पुढे ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी हे नाव पडले. डॅलियेल १८५१ साली वारले. आजी मात्र एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात एडिंबरा येथे १८८७ पर्यंत जगली. त्या बरणीत विजेचा पंप नव्हता, गाळणी नव्हती. होते ते पाणी वेळच्या वेळी बदलणारे हात. समुद्रपुष्पाचे आयुष्य किती लांबू शकते आणि ते कशावर अवलंबून असते, याचा यापेक्षा बोलका पुरावा नाही.

महाराष्ट्रात समुद्रजीव काचेआड पाहण्याची सोय १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने करून दिली. मत्स्यालय दारातच समुद्र असलेल्या जागी उभे राहिले, यात सोयीचा भाग मोठा होता. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उरणाऱ्या डबक्यांतही समुद्रपुष्पे दिसतात. मुंबईत २०१७ साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरी उपक्रमाने शहराच्या किनाऱ्यावरील असे जीव हजारो लोकांना दाखवले. मालवणच्या समुद्रात तर प्रवाळही आहेत आणि १९८७ पासून तेथील काही भाग सागरी अभयारण्य आहे. पण हा छंद आता किनाऱ्यापुरता उरलेला नाही. कृत्रिम सागरी मीठ, एलईडी दिवे आणि घरपोच माल यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या गावातही समुद्राची टाकी लावता येते. अशा वेळी अडचणी कोणत्या येतात, हे समजून घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारइतके उद्बोधक गाव दुसरे नाही. सर्वांत जवळचा समुद्र येथून सुमारे चारशे किलोमीटरांवर आहे आणि तरीही खाऱ्या पाण्याचे एक जगप्रसिद्ध सरोवर गावाला लागूनच आहे.

लोणारचे विवर उल्कापाताने दख्खनच्या बेसॉल्ट खडकात तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. कडेच्या झऱ्यांतून, विशेषतः गोमुखाच्या धारेतून, आत येणारे पाणी गोडे असते; पावसाचे पाणीही गोडेच. पण सरोवराला बाहेर वाहून जाण्याची वाट नाही. पाणी जाते ते वाफ होऊन, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. हजारो वर्षे हे चालू राहिल्याने पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी झाले. उन्हाळ्यात काठावर साचणारे क्षार पूर्वी काढले जात आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी त्यांची प्रतवारी होई. साबण आणि काच बनवण्याच्या सामग्रीसाठी या परिसराची नोंद ‘आइन-ए-अकबरी’तही आहे. जून २०२० मध्ये पाण्याची पातळी उतरून क्षारता वाढली, तेव्हा सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखवून दिले.

हे खारे पाणी समुद्रपुष्पाच्या उपयोगाचे नाही आणि त्याची कारणे शिकण्यासारखी आहेत. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम व क्लोराइड सर्वाधिक असले तरी मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम सुमारे ०.४ ग्रॅम आणि सल्फेट सुमारे २.७ ग्रॅम असते. या घटकांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जगातील सर्व खुल्या समुद्रांत जवळजवळ सारखे असते. लोणारच्या पाण्यात मिठाबरोबर सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट भरपूर आहेत, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र तुलनेने फारच कमी. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ ते ८.३ असतो, लोणारचा १० च्या आसपास जातो. सामू लॉगरिदमी मापाचा असल्याने हा फरक दोन अंकांचा दिसला तरी प्रत्यक्षात जवळपास शंभर पटींचा आहे. शिवाय इतक्या अल्कधर्मी पाण्यात मळातून सुटणारा अमोनिया बहुतांशी विषारी मुक्त रूपात राहतो. तिथे स्पिरुलिनासारखी शैवाले वाढतात, समुद्रपुष्प जगू शकत नाही. सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तेथून पाणी वा क्षार उचलण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी खारट असणे पुरेसे नाही, त्याची घडण समुद्राची असावी लागते. स्वयंपाकघरातील मीठ घालून टाकी करू पाहणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

लोणारसारख्या ठिकाणी समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. विंधन विहिरीच्या पाण्यात आधीच कठीणपणा असतो आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन. नायट्रेट, फॉस्फेट आणि क्वचित तांबेही त्यांत असू शकते. म्हणून पाणी आधी आरओ यंत्रातून आणि नंतर आयन काढून घेणाऱ्या डीआय राळेतून गाळून टीडीएस मीटरवर शून्य आणावे. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ बहुधा थोडे क्षार मुद्दाम ठेवतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर भागत नाही. या शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठी बनवलेले सागरी मीठ मिसळावे, पंपाने दिवसभर घुसळू द्यावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ मिळाले की ते वापरावे. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, सामू ८.१ ते ८.४, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम, अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट अल्प पण शून्य नव्हे, अशी पाण्याची स्थिती असावी. नायट्रेट अगदी नाहीसे झाले तर शैवालांनाही खत मिळत नाही.

हे आकडे एकदा गाठणे सोपे असते, रोज राखणे अवघड. लोणारच्या सरोवरात हजारो वर्षांत जे घडले, तेच उघड्या टाकीत एका उन्हाळ्यात घडते. दोनशे लिटरच्या टाकीतून कोरड्या हवेत दिवसाला तीन लिटर पाणी उडाले असे धरू. आठवडाभर लक्ष दिले नाही, तर एकवीस लिटर पाणी जाईल आणि सर्व क्षार उरलेल्या १७९ लिटरमध्ये राहतील. लिटरला ३५ ग्रॅम असलेली क्षारता त्यामुळे ३९ ग्रॅमपर्यंत चढेल. मग घाईने एकदम वीस लिटर गोडे पाणी ओतले, तर ती तितक्याच वेगाने खाली येईल. समुद्रपुष्प दोन्ही धक्के शरीरात झेलते. उडालेल्या पाण्याची भरपाई रोज, शक्यतो तरंगत्या स्विचवर चालणाऱ्या स्वयंचलित पंपाने, आणि केवळ क्षाररहित पाण्याने करावी. मीठ उडालेले नसते. ते पुन्हा घालू नये.

विदर्भाचा उन्हाळा हा दुसरा प्रश्न. मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात पारा चाळिशीपार जातो आणि बंद खोलीतील टाकी सहज ३० अंशांवर पोचते. चिलर हा खात्रीचा उपाय आहे, पण महाग. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला, तरी बाष्पीभवनाने तापमान काही अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फिका पडतो, विदर्भात तो चांगला लागू होतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा परिणाम घटतो आणि पंखा जितका चालेल तितके बाष्पीभवन वाढते, हे लक्षात ठेवून भरपाई वाढवावी. वीज जाणे हा तिसरा धोका. पाण्याचे फिरणे थांबले की काही तासांत प्राणवायू उतरतो. बॅटरीवर चालणारा हवापंप टाकीला लावलेला असावा आणि निदान पाणी फिरवणारा एक पंप इन्व्हर्टरवर असावा. दिवे काही तास बंद राहिले तरी बिघडत नाही.

पाणी तयार झाले म्हणजे टाकी तयार झाली असे नाही. माशांच्या मळातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही सूक्ष्मजीव, शैवाल आणि लहान कवचधारी यांचा मेळ बसायला बरेच महिने जातात. तोवर पाण्याचे आकडे वरखाली होत राहतात. मासे यातून निभावतात, समुद्रपुष्प निभावत नाही. अनुभवी पालक सहा महिने ते एक वर्ष जुन्या टाकीतच ते सोडतात. नव्या टाकीत हौसेने आणलेले समुद्रपुष्प काही आठवड्यांत संपते, ही या छंदातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्यासारखी हानी आहे.

जातीची निवड स्वभावावरून करावी, रंगावरून नव्हे. शुंडकांची टोके फुग्यासारखी फुगणारी ‘बबल टिप’ ही जात नवख्याला सर्वांत योग्य. ती खडकाच्या फटीत तळ रोवते, बंदिस्त पाण्यात उभी दुभंगून दोन होते आणि पाळणाऱ्यांकडेच तिची वाढ होत असल्याने समुद्रातून काढलेला प्राणी घ्यावा लागत नाही. गालिच्यासारखी पसरणारी हॅडनची जात आपला तळ वाळूत पुरते. तिला जाड वाळू लागते आणि तिचा दंश तीव्र असतो. जवळ आलेल्या माशांना ती गिळते. ‘मॅग्निफिका’ ही देखणी जात उंच जागा, भरपूर प्रकाश आणि जोराचा प्रवाह मागते, भटकतेही फार; ती जाणकारांसाठीच बरी. बबल टिपसाठी निदान दीडशे ते दोनशे लिटरची टाकी असावी, गालिच्यासारख्या जातींना त्याच्या दुप्पट जागा लागते.

टाकीतील खडकांबाबत भारतीय पालकाने विशेष दक्ष राहावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार खडे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि मोठे शिंपले संरक्षित आहेत. आपल्या प्रवाळभिंतींवरून तोडलेला ‘लाइव्ह रॉक’ विकत घेणे म्हणजे गुन्ह्याला आणि किनाऱ्याच्या विध्वंसाला हातभार लावणे होय. सच्छिद्र चिनीमातीचे किंवा कृत्रिम खडक जिवाणूंना तितकेच चालतात. समुद्रपुष्पाच्या शुंडकांत राहणाऱ्या क्लाउनफिश माशांबाबतही पर्याय उपलब्ध आहेत. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने या माशांच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशाऐवजी टाकीत जन्मलेला मासा मागता येतो.

प्राणी घेताना तो दुकानातच नीट पाहावा. शुंडके स्पर्शाला चिकट, तोंड मिटलेले, तळ कुठेही फाटलेला नाही आणि रंग नैसर्गिक असावा. भडक पिवळा किंवा जांभळा प्राणी रंगवलेला असू शकतो. दगडाला चिकटलेले समुद्रपुष्प खरवडून काढण्याऐवजी दगडासकट घ्यावे. घरी आणल्यावर पिशवीच्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळत तास-दोन तासांत क्षारता आणि तापमान जुळवावे. टाकीत सोडताना पंप बंद करून, खडकाच्या खाचेजवळ तळ टेकवून ते सोडावे आणि तळाने पकड घेतल्यावरच प्रवाह हळूहळू वाढवावा. पहिले काही दिवस दिवे मंद ठेवावेत. पंपांच्या तोंडांना जाळी किंवा स्पंज बसवणे आणि हीटर संपात (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) वा आडोशाला हलवणे ही कामे प्राणी घरी आणण्याआधीच उरकलेली असावीत.

पहिल्या आठवड्यात ते थोडे फिरले तर हात लावू नये. त्याचे फिरणे ही माहिती आहे. ते वर चढत असेल तर प्रकाश कमी पडतो. खडकाच्या सावलीत लपत असेल तर बहुधा जास्त होतो. सारखे जागा बदलत असेल तर प्रवाह किंवा पाण्याची स्थिती तपासावी. मनाजोगती जागा त्याची त्यानेच निवडायची असते. पालकाने आजूबाजूचे प्रवाळ हलवून तिच्याभोवती मोकळी जागा ठेवावी. दिवसातून एखाददा आकसणे नैसर्गिक आहे, त्या वेळी जुने पाणी आणि मळ बाहेर पडतो. मात्र एक दिवसाहून अधिक काळ आकसलेले, तोंड उघडे टाकलेले, गळू लागलेले आणि दुर्गंधी येणारे समुद्रपुष्प मेलेले समजून ताबडतोब बाहेर काढावे.

अन्नाची गरज थोडी असते. आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढा समुद्री कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा शुंडकांवर ठेवला की पुरे. मोठा तुकडा ते गिळते आणि दुसऱ्या दिवशी ओकते, त्याने पाणी खराब होते. आजारी माशांसाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक औषधांत तांबे असते. समुद्रपुष्पाला ते अत्यल्प प्रमाणातही मारक आहे, म्हणून माशांवरचे उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करावेत. क्लाउनफिश ठेवणे समुद्रपुष्पासाठी आवश्यक नाही, पण जमल्यास दोघांनाही हितकर आहे. मासा शत्रूंना हाकलतो, त्याच्या हालचालीने पाणी खेळते, त्याच्या मळातील अमोनिया शैवालांच्या कामी येतो. निसर्गात प्रत्येक क्लाउनफिश प्रत्येक जातीत राहत नाही. क्लार्कचा क्लाउनफिश बहुतेक यजमान जाती स्वीकारतो, तर सामान्य नारिंगी क्लाउनफिश टाकीत बहुधा बबल टिपशी जुळवून घेतो. समुद्रपुष्प पुरते स्थिरावल्यावर मासा सोडणे केव्हाही चांगले.

चांगला प्रकाश, मध्यम प्रवाह आणि स्थिर पाणी या तीनही गोष्टी समुद्रपुष्प मागते, पण पहिल्या दोन विकत मिळतात आणि तिसरी रोजच्या कामातूनच येते. रोज पाण्याची पातळी पाहणे, आठवड्याला क्षारता व अल्कता मोजून वहीत नोंदवणे, पंधरवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलणे, उन्हाळ्यात तापमानावर नजर ठेवणे ही कामे ज्याला वर्षभर न चुकता करता येतील, त्याच्याकडे समुद्रपुष्प किनाऱ्यापासून कितीही दूर असले तरी टिकते. ज्याला ती जमणार नाहीत, त्याने ते आणू नये. घ्यायचेच असेल तर आधी वर्षभर टाकी चालवून पाहावी, वहीतील आकडे महिनोन्‌महिने सारखे येऊ लागले म्हणजे पाळलेल्या समुद्रपुष्पापासून दुभंगून झालेले एखादे लहान पिल्लू घ्यावे आणि कित्येक दशके जगू शकणाऱ्या जीवाची जबाबदारी आपण घेत आहोत, हे जाणूनच ते पाण्यात सोडावे.